साम्यवादी राजवटी का ढासळल्या

देशाची सत्ता, कारखाने, दुकाने, वर्तमानपत्रे, न्यायालये आणि बहुतेक ठिकाणी शेतजमीनही एकाच पक्षाच्या हाती असणे, ही साम्यवादी राजवटीची ओळख. केरळात १९५७ मध्ये किंवा पश्चिम बंगालमध्ये १९७७ ते २०११ या काळात साम्यवादी पक्षांची सरकारे होती, पण त्यांना या अर्थाने साम्यवादी राजवटी म्हणता येत नाही. ती निवडणुकीने आली होती, आणि विरोधी पक्ष, न्यायालये व मोकळी वर्तमानपत्रे यांच्या सोबतीनेच त्यांना कारभार करावा लागला. इथे प्रश्न आहे तो सोव्हिएत संघ, पूर्व युरोप आणि त्याच वाटेने निघालेल्या चीन, व्हिएतनाम, क्यूबा यांसारख्या देशांचा. १९८९ च्या उन्हाळ्यापासून १९९१ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे जेमतेम अडीच वर्षांत, यांतल्या बहुतेक राजवटी गेल्या. रोमानिया आणि युगोस्लाव्हिया सोडले तर मोठ्या रक्तपाताशिवाय गेल्या. अण्वस्त्रे, लाखोंचे सैन्य आणि घराघरात कान असलेले गुप्तहेर खाते बाळगणारी सत्ता अशी जागच्या जागी का बसली, हे समजून घ्यायला तिच्या रोजच्या कारभारापासून सुरुवात करावी लागते.

या राजवटी मुळातच कुचकामी होत्या, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. १९२८ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली तेव्हा सोव्हिएत संघ हा मुख्यतः शेतकऱ्यांचा देश होता. त्यानंतरच्या ३३ वर्षांत त्याने पोलाद कारखाने आणि धरणे उभारली, जवळजवळ सगळ्यांना साक्षर केले, हिटलरच्या फौजा मागे रेटल्या आणि १९६१ मध्ये युरी गागारिनला अंतराळात धाडले. त्याची किंमत भयंकर होती. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठी लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि तो दुष्काळ सरकारी धान्यवसुलीने ओढवलेला होता. तरीही एकच मोठे उद्दिष्ट ठरवायचे आणि सगळा देश त्याला जुंपायचा, हे काम केंद्रीय नियोजनाला जमत असे. पोलाद किती टन हवे, हे वरून सांगता येते. बूट कोणत्या मापाचे हवेत, कोणत्या गावात हवेत आणि ते पायाला चावतात की नाही, हे वरून कळत नाही. अर्थव्यवस्था पोलादाकडून बुटांकडे सरकली तशी नियोजनाची पकड सुटत गेली.

बाजारात भाव वाढला की माल कमी आहे हे उत्पादकाला कळते. सोव्हिएत व्यवस्थेत भाव सरकारी कार्यालयात ठरत आणि वर्षानुवर्षे तसेच राहत, त्यामुळे ही खूणच नाहीशी झाली. कारखान्याला तोटा झाला तरी तो बंद पडत नसे, खड्डा सरकारी तिजोरी भरून काढी. हंगेरियन अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात या दुखण्याची नेमकी चिकित्सा केली. तोट्याची भीती नसलेला व्यवस्थापक कच्चा माल, यंत्रे आणि माणसे मागतच राहतो, गरज नसली तरी साठा करून ठेवतो, आणि सगळेच तसे करू लागले की देशभर कायमची टंचाई होते. म्हणजे टंचाई ही कोणा अधिकाऱ्याची चूक नव्हती, ती व्यवस्थेच्या घडणीतच होती. कामचुकार व्यवस्थापक बदलून ती हटणार नव्हती, हे कोर्नाई यांच्या विवेचनातले सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे.

टंचाई रोजच्या जगण्यात कशी दिसे, ते सोव्हिएत नागरिकाच्या खिशातल्या एका वस्तूवरून कळते. दोऱ्याची विणलेली, मुठीत मावणारी जाळीची पिशवी माणसे घरातून निघताना बरोबर घेत. तिचे नाव ‘अवोस्का’, आणि ते ‘कदाचित’ अशा अर्थाच्या रशियन शब्दावरून पडले होते. कदाचित वाटेत कुठे संत्री दिसतील, कदाचित कुठे सॉसेज आलेले असेल. रांग दिसली की आधी उभे राहायचे आणि मग पुढच्याला विचारायचे, काय मिळतेय? दुकानात न मिळणारी वस्तू ओळखीने मिळे. या ओळखीला रशियन लोक ‘ब्लात’ म्हणत. मराठीत त्याला वशिला हा शब्द चपखल बसतो. कारखान्यांचेही तसेच. खास माणसे नेमून त्यांना कच्चा माल मिळवायला गावोगाव पाठवले जाई, कारण योजनेच्या कागदावर मंजूर झालेला माल प्रत्यक्षात यायचा तर कोणीतरी पाठपुरावा करावाच लागे. अशा रीतीने कायद्याने चालणाऱ्या योजनेला बेकायदा देवघेव तारून नेत होती. ती थांबवली असती तर योजनाही थांबली असती.

यातून खोटेपणाची सवय लागली. उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे दाखवले की बक्षीस, नाही तर ठपका, अशा स्थितीत खालून वर जाणारा प्रत्येक आकडा थोडा थोडा फुगत जाई. उझबेकिस्तानात १९७० च्या दशकात आणि पुढेही कधीच न पिकलेल्या लाखो टन कापसाची नोंद होत राहिली आणि मॉस्को त्याचे पैसे देत राहिले. सत्य लपवण्याचे काम वरूनही चालू होते. बालमृत्यूचे प्रमाण वाढू लागले तेव्हा, १९७० च्या दशकाच्या मध्यात, ते आकडे प्रसिद्ध करणेच थांबवण्यात आले. पुरुषांचे आयुर्मान घटत होते, त्याचीही उघड चर्चा नव्हती. देशाला लागलेले दुखणे लोकांपासून लपवता लपवता ते राज्यकर्त्यांनाही दिसेनासे झाले.

सगळे पक्षाच्या हाती असण्याचा आणखी एक परिणाम झाला, आणि या राजवटींच्या दुबळेपणाचे मूळ त्यातच सापडते. जिथे बाजार आहे तिथे मांस महागले तर माणूस खाटकाला, व्यापाऱ्याला किंवा पावसाला बोल लावतो. सरकारवरचा राग त्यात वाटला जातो. जिथे खाटीकही सरकारी आणि भावही सरकारी, तिथे मांसाची भाववाढ हे थेट राजकारण होते. १ जून १९६२ रोजी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या सरकारने मांस ३० टक्क्यांनी आणि लोणी २५ टक्क्यांनी महाग केले. नोव्होचेर्कास्क शहरातल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात त्याच सुमारास मजुरीचे दरही कापले गेले होते. कामगार बाहेर पडले, दुसऱ्या दिवशी मोर्चा पक्षाच्या कचेरीवर गेला आणि त्याच्यावर गोळीबार झाला. मृतांना दूरदूरच्या दफनभूमींत गुपचूप पुरण्यात आले. ज्यांची माणसे गेली त्यांना थडगे कुठे आहे हेही पाव शतकाहून अधिक काळ कळू दिले नाही. या प्रकारातून राज्यकर्त्यांनी एकच धडा घेतला, की भावाला हात लावायचा नाही. मांसाचा सरकारी भाव १९९१ पर्यंत जवळजवळ तोच राहिला. उत्पादनखर्च वाढत गेला, अनुदान फुगत गेले, आणि पाव इतका स्वस्त झाला की खेड्यांत तो जनावरांना घालणे परवडू लागले.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. स्टालिननंतर ते सतत होत राहिले. फेब्रुवारी १९५६ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी पक्षाच्या २० व्या अधिवेशनात स्टालिनच्या अत्याचारांचा पाढा वाचला आणि त्याच वर्षी हंगेरीत उठाव झाला. तो सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला गेला, आणि सुधारणावादी पंतप्रधान इम्रे नॉज यांना १९५८ मध्ये फाशी झाली. १९६५ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान अलेक्सी कोसिगिन यांनी कारखान्यांना नफ्याचे थोडे भान यावे असा प्रयत्न केला, पण खात्यांनी ते अधिकार हळूहळू परत घेतले. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात अलेक्झांडर डुबचेक यांनी वर्तमानपत्रांवरील बंधने उठवली आणि मानवी चेहऱ्याच्या समाजवादाची भाषा केली. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखालच्या वॉर्सा कराराच्या फौजा प्रागकडे निघाल्या. यातून दोन गोष्टी सर्वत्र ठरून गेल्या. पक्षातल्या ज्या पिढीला सुधारणेची आच होती तिला बाजूला सारण्यात आले. आणि पूर्व युरोपातली सरकारे स्वतःच्या जनतेच्या आधारावर नव्हे, तर सोव्हिएत सैन्याच्या आधारावर उभी आहेत, हे उघड झाले. हा आधार निघाला तर काय, हा प्रश्न तेव्हा कोणी मोठ्याने विचारत नव्हते.

१९७० चे दशक निभावले ते तेलाने आणि कर्जाने. पश्चिम सायबेरियात प्रचंड तेलसाठे हाती आले होते, आणि १९७३ नंतर जगात तेलाचे भाव भडकले. त्या पैशातून सोव्हिएत संघ परदेशी गहू आणि यंत्रे घेऊ लागला. एकेकाळी धान्य निर्यात करणारा हा देश आता अमेरिकेच्या शेतांवर विसंबला. पोलंडने दुसरा मार्ग धरला. पाश्चात्त्य बँकांकडून कर्ज काढायचे, त्यातून नवे कारखाने उभारायचे आणि त्यांचा माल पश्चिमेलाच विकून कर्ज फेडायचे. माल त्या बाजारात टिकला नाही, आणि १९८० पर्यंत कर्ज २० अब्ज डॉलरच्या वर गेले.

पोलंडची कहाणी जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिथे कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याला कामगारांनीच जाब विचारला. डिसेंबर १९७० मध्ये नाताळच्या तोंडावर खाद्यपदार्थ महागले, बाल्टिक किनाऱ्यावरच्या बंदरांत दंगली उसळल्या, सैन्याने गोळ्या झाडल्या आणि पक्षप्रमुख गोमुल्का यांना जावे लागले. १९७६ मध्ये पुन्हा भाववाढ, पुन्हा दंगली, आणि एका दिवसात माघार. जुलै १९८० मध्ये तिसऱ्यांदा मांसाच्या दरावरून संप सुरू झाले. ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत आन्ना वालेन्तिनोविच या क्रेनचालक बाईंना पेन्शनला अवघे पाच महिने उरले असताना कामावरून काढण्यात आले, कारण त्या स्वतंत्र संघटनेचे काम करत. १४ ऑगस्टला गोदी थांबली. पूर्वीच्या संपांत कामगार रस्त्यावर उतरले होते आणि मारले गेले होते, म्हणून या वेळी ते आतच थांबले आणि फाटक लावून घेतले. त्या फाटकाला लोकांनी फुले बांधली. त्यांच्या २१ मागण्यांत पहिली होती पक्षापासून स्वतंत्र कामगार संघटनेची. त्याच यादीत मांसासाठी रेशनकार्डे द्यावीत अशीही मागणी होती. निदान टंचाईची वाटणी तरी न्यायाने व्हावी, एवढे ते कामगार मागत होते.

३१ ऑगस्टला करार झाला. इलेक्ट्रिशियन लेक वालेसा यांच्या नेतृत्वाखाली ‘सॉलिडॅरिटी’ उभी राहिली आणि वर्षभरात तिचे सुमारे एक कोटी सभासद झाले. १३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला आणि हजारोंना स्थानबद्ध केले. संघटना दडपता आली, पण दुकाने भरता आली नाहीत. १९८८ मध्ये पुन्हा भाववाढ, पुन्हा संप. आता सरकारला पटले की कठोर आर्थिक उपाय करायचे तर त्यांचा दोष वाटून घ्यायला कोणीतरी हवे, आणि ज्यांना तुरुंगात टाकले होते त्यांनाच वाटाघाटींच्या गोल टेबलाशी बोलवावे लागले.

त्याआधी मॉस्कोत बदल झाला होता. नोव्हेंबर १९८२ ते मार्च १९८५ या काळात ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह आणि चेर्नेन्को हे तीन नेते पाठोपाठ निवर्तले. त्यांच्यानंतर ५४ वर्षांचे मिखाईल गोर्बाचेव्ह आले. ते व्यवस्था मोडायला निघाले नव्हते, तिच्यावर त्यांचा विश्वास होता. मे १९८५ मध्ये त्यांनी दारूविरुद्ध मोहीम काढली. हेतू चांगलाच होता. पण व्होडकावरच्या कराचे मोठे उत्पन्न बुडाले आणि घरोघर हातभट्टी लागून साखर दुकानांतून नाहीशी झाली. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. सोव्हिएत सैन्याचे अफगाणिस्तानातले युद्ध चालूच होते. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सर्गाची चाहूल आधी स्वीडनला लागली, आणि मगच, २८ तारखेच्या रात्री, सोव्हिएत दूरचित्रवाणीवर चार ओळींची बातमी आली. १ मे रोजी जवळच्या कीव्ह शहरात मुलांसह नेहमीची मिरवणूक काढण्यात आली. लपवाछपवीने माणसे मरतात, हे या मिरवणुकीइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेही झाले नसेल.

ग्लासनोस्त म्हणजे मोकळेपणा आणि पेरेस्त्रोइका म्हणजे पुनर्रचना. हे दोन शब्द त्या काळात मराठी वर्तमानपत्रांतही जसेच्या तसे छापले जात. यांतला मोकळेपणा आला, पुनर्रचना अर्धवट राहिली. १९८८ च्या आरंभी लागू झालेल्या उद्योगविषयक कायद्याने कारखान्यांना पगार ठरवण्याचे मोठे स्वातंत्र्य दिले, व्यवस्थापक निवडण्याचा हक्क कामगारांना दिला. भाव मात्र सरकारीच राहिले आणि तोटाही सरकारच भरत राहिले. निकाल ठरलेला होता. पगार वाढले, माल वाढला नाही. तूट नोटा छापून भागवली गेली. लोकांच्या हाती पैसा आणि दुकानांत मोकळी फडताळे अशी अवस्था झाली. जुन्या व्यवस्थेचा हुकूम मोडला होता आणि बाजाराची शिस्त आलेली नव्हती. गोर्बाचेव्ह यांची सर्वांत महाग पडलेली चूक कोणती असे विचारले, तर या कायद्याकडेच बोट दाखवावे लागेल.

जुलै १९८९ मध्ये सायबेरियातल्या कुझबास भागात मेझ्दुरेचेन्स्क इथल्या कोळसा खाणीतले कामगार पाळी संपवून वर आले आणि काळ्या तोंडानेच बसून राहिले. त्यांच्या तक्रारींत एक होती साबणाची. कोळशाच्या धुळीने माखलेल्या माणसाला अंग धुवायला पुरेसा साबण मिळत नव्हता, आणि तोही महासत्ता म्हणवणाऱ्या देशात. काही दिवसांत संप युक्रेनच्या दोन्बासपर्यंत आणि ध्रुवप्रदेशातल्या वोर्कुतापर्यंत गेला. दोन वर्षांनी, १९९१ च्या वसंतात, त्याच खाणकामगारांची मागणी गोर्बाचेव्ह यांच्या राजीनाम्याची होती. साबण देणारा मालक एकच असेल तर साबणाची मागणी राजीनाम्याच्या मागणीपर्यंत जायला फार अंतर लागत नाही.

मोकळेपणाने राज्याचा दुसरा आधार, म्हणजे भीती, काढून घेतला. मार्च १९८९ मध्ये लोकप्रतिनिधींच्या महासभेसाठी निवडणूक झाली. लेनिनग्राडचा पक्षप्रमुख विरोधात कोणी नसतानाही पडला, कारण मतदारांनी त्याच्या नावावर काट मारली. महासभेचे कामकाज दूरचित्रवाणीवर थेट दिसू लागले आणि लोक कामधंदा सोडून ते पाहत बसले. त्याच काळात पोलंडमध्ये, गोल टेबलावर ठरल्याप्रमाणे, ४ जून १९८९ रोजी मतदान झाले. सत्ताधाऱ्यांच्या ३५ बड्या नेत्यांची बिनविरोध यादी होती, तिच्यातले ३३ जण निम्मी मतेही मिळवू शकले नाहीत. सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीने जिंकल्या. ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटीचे तादेऊश माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले, आणि मॉस्कोने सैन्य पाठवले नाही.

मग पुढचे भराभर घडले. हंगेरीने पश्चिमेकडच्या सीमेवरचे जीर्ण तारकुंपण दुरुस्त करण्यावर खर्च करायचे नाकारले आणि सप्टेंबरमध्ये ती सीमा पूर्व जर्मनांसाठी खुली केली. ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सुमारे ७० हजार माणसे रस्त्यावर आली, पण गोळीबाराचा हुकूम आला नाही. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. चेकोस्लोव्हाकियात वर्ष संपता संपता नाटककार वाक्लाव हावेल अध्यक्ष झाले. त्या वर्षी रक्त सांडले ते फक्त रोमानियात. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने परदेशी कर्ज फेडण्यासाठी लोकांचे अन्न आणि घरातली ऊब काढून घेतली होती, आणि कर्ज फिटले त्याच वर्षी सैन्य उलटून नाताळच्या दिवशी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

सोव्हिएत संघ स्वतः फुटला तो प्रजासत्ताकांच्या सीमांवर. कागदावर हा १५ प्रजासत्ताकांचा संघ होता आणि प्रत्येकाला स्वतःची विधानसभा, स्वतःची भाषा व सरकारी यंत्रणा होती. पक्ष एक होता तोवर हे कागदावरच राहिले. १९३९ च्या हिटलर-स्टालिन कराराच्या ५० व्या स्मरणदिनी, २३ ऑगस्ट १९८९ रोजी, एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनियात सुमारे २० लाख माणसांनी ६०० किलोमीटरची साखळी केली. या करारातील गुप्त कलमांचे अस्तित्व मॉस्को तोवर नाकारत आले होते, त्याच वर्षाअखेर महासभेने ती निषेधार्ह ठरवली. मार्च १९९० मध्ये पक्षाचे घटनादत्त अग्रस्थान गेले. १२ जून १९९० रोजी खुद्द रशियाने सार्वभौमत्व जाहीर केले, आणि प्रजासत्ताके केंद्राचा कर अडवू लागली. कारखान्यांवर पदामुळे ताबा असलेल्या अधिकाऱ्यांनाही दिसू लागले की पद राखण्यापेक्षा मालकी मिळवणे फायद्याचे आहे. म्हणून ऑगस्ट १९९१ मध्ये आठ बड्या पदाधिकाऱ्यांच्या समितीने आणीबाणी पुकारून संघ वाचवायचा प्रयत्न केला तेव्हा तिच्यासाठी जिवावर उदार व्हायला कोणी पुढे आले नाही. तीन दिवसांत बंड फसले. १ डिसेंबरला युक्रेनच्या ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याचा कौल दिला, आणि २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला.

ज्या राजवटी टिकल्या त्यांच्याकडे पाहिल्यावरच वरची कारणे पारखून घेता येतात. चीन, व्हिएतनाम आणि क्यूबा यांची क्रांती घरची होती, परक्या सैन्याने आणून बसवलेली नव्हती. चीनमध्ये १९७८ च्या अखेरीस आनहुई प्रांतातल्या श्याओगांग गावच्या १८ कुटुंबांनी रात्री गुपचूप करारपत्रावर अंगठे उठवून सामुदायिक जमीन आपसात वाटून घेतली. कोणी तुरुंगात गेला तर त्याची मुले बाकीच्यांनी १८ वर्षांची होईपर्यंत सांभाळायची, असेही त्यात लिहिले होते. तेव्हा चीनची सुमारे ७० टक्के श्रमशक्ती शेतीत होती, म्हणून शेतकऱ्याला त्याचे पीक परत मिळताच देशाचे पोट भरू लागले. व्हिएतनाममध्ये १९८६ च्या ‘दोई मोई’ धोरणानंतर जमीन कुटुंबांकडे आली, आणि तांदूळ आयात करणारा देश १९८९ मध्येच मोठा निर्यातदार झाला. गोर्बाचेव्ह यांनीही शेतकऱ्यांना जमीन खंडाने देऊ केली होती. पण दोन पिढ्या पगारावर आणि पेन्शनवर जगलेल्या सामुदायिक शेतातल्या मजुराला ती जोखीम नको होती. चीनने भावांचे दोन दर ठेवले. ठरलेला कोटा सरकारी भावाने द्यायचा आणि वरचा माल बाजारभावाने विकायचा. त्यामुळे बाजार जुन्या योजनेच्या शेजारी वाढला. या मार्गानेही महागाई आणि भ्रष्टाचार वाढलेच, आणि १९८९ मध्ये बीजिंगचे विद्यार्थी व कामगार रस्त्यावर आले. पोलंडमध्ये मतदान झाले त्याच ४ जूनला तिथे रणगाड्यांनी माणसे मारली. चिनी पक्ष टिकला याचे श्रेय नुसते आर्थिक शहाणपणाला देणारे लिखाण हा दिवस विसरते.

उत्तर कोरियात १९९० च्या दशकाच्या मध्यात दुष्काळाने सरकारी वाटप कोलमडले, लाखो माणसे भुकेने गेली, आणि जगण्यासाठी बायकांनी उभे केलेले छोटे बाजार सरकारला निमूट चालू द्यावे लागले. क्यूबाने सोव्हिएत मदत आटल्यावर १९९३ मध्ये डॉलर आणि १९९४ मध्ये शेतकऱ्यांचे बाजार यांना परवानगी दिली, मग हात आखडता घेतला, मग पुन्हा सैल सोडला. ११ जुलै २०२१ रोजी हवानाजवळच्या सान आन्तोनियो दे लोस बान्योस या गावात वीज सतत जाते म्हणून लोक रस्त्यावर आले. संध्याकाळपर्यंत देशभरातल्या गावांतून अन्न, औषधे आणि स्वातंत्र्याच्या घोषणा ऐकू येत होत्या. त्याच आठवड्यात सरकारने प्रवाशांना अन्न आणि औषधे करमुक्त आणू दिली, ऑगस्टमध्ये १०० जणांपर्यंत कामगार ठेवणाऱ्या खासगी उद्योगांना मान्यता दिली, आणि मोर्च्यात सापडलेल्या शेकडो जणांवर खटले भरून कित्येकांना वर्षानुवर्षांच्या शिक्षा सुनावल्या.